मंजुळाने भाव पाडला

मालाडच्या मासळी बाजारात मंजुळाशी भावावरून हुज्जत घालायची तर घरून पोटभर खाऊन यावं लागायचं. गिऱ्हाईक कितीही तोंडाळ असो, शेवटी पापलेट त्याच्या पिशवीत आणि मंजुळा म्हणेल तेवढे पैसे मंजुळाच्या कनवटीला. स्वतः काही विकत घ्यायला गेली की उलटं. मढच्या नाक्यावरचा टेम्पोवाला तिला बघूनच हात जोडायचा. "मावशी, तोंड उघडू नका. काय द्यायचं ते द्या आणि बसा." समोरच्यानं सांगितलेला पहिला भाव खरा मानायचा नाही, हे तिला आयशीनं शिकवलेलं. उठून चालायला लागलं की मागून हाक येतेच, हे ती आपली आपण शिकली.

या बाईला आयुष्यात एकच हाव. लेकीच्या, नेत्राच्या, हाताला मासळीचा वास लागता कामा नये. नेत्रा लहानपणी पाटीला हात लावायला गेली तर मंजुळा तिच्या हातावर फटका मारायची. "तू पुस्तक घे गो. हे माझ्या नशिबाचं, तुझ्या नाय." आणि पोरगी शिकली की! बी.कॉम. झाली, मरोळच्या एका कुरिअर ऑफिसात हिशेबाला लागली. पगार थेट बँकेत. मंजुळानं बाजारभर पेढे वाटले, तेही कोणाशी घासाघीस न करता.

मग भिकाजीच्या, म्हणजे मंजुळाच्या नवऱ्याच्या, होडीचं इंजिन बसलं. नवं घ्यायचं तर कर्ज हवं, आणि दर्यावर जाणाऱ्या माणसाला बँक कशाला विचारते? नेत्राकडे मात्र पगाराची स्लिप होती. कर्ज तिच्या नावावर निघालं, इंजिन आलं, होडीला हार घातला. पोरीच्या नावानं घेतलं म्हणजे बरकत येणार, असं भिकाजी सगळ्या कोळीवाड्याला सांगत सुटला.

कसली बरकत आणि कसलं काय. कुरिअरवाल्यानं मरोळचं ऑफिस गुंडाळलं. मासळी रुसली. हप्ते थकले आणि बँकेचे फोन सुरू झाले. नेत्रा फोन उलटा ठेवून बसायला लागली.

अशात तिला मालाडच्या एका मोठ्या फायनान्स कंपनीत मुलाखतीला बोलावलं. सगळ्या मुलाखती पास झाली. आता नोकरीचं पत्रच यायचं, असं वाटत असताना तिथल्या निधी मॅडमचा फोन आला. मॅडम बोलायला गोड होत्या. "नेत्रा, तुमच्या नावावर लोन थकलेलं दिसतंय. आमचं काम पैशांचं, सिबिल, म्हणजे कर्जफेडीचं रेकॉर्ड, बघितल्याशिवाय आम्ही कोणाला घेत नाही. लोन मिटवा, क्लोज झाल्याचं मला दाखवा. तोवर जागा धरून ठेवते."

आता बोला! नोकरी गेली म्हणून हप्ता थकला, आणि हप्ता थकला म्हणून नोकरी नाही. ज्या शहाण्याच्या डोक्यातून हे निघालं त्याला एकदा मढच्या धक्क्यावर आणून उभा करायला हवा.

मंजुळानं मात्र एका शब्दानं कटकट केली नाही. लग्नातल्या चार सोन्याच्या पाटल्या तिनं हातातून काढल्या, रुमालात बांधल्या आणि नेत्राला म्हणाली, "चल."

बँकेचा वसुलीवाला केतन म्हणून एक पोरगा होता. त्यानं आकडा सांगितला. मंजुळा हसली. असे पहिले आकडे तिनं जन्मभर ऐकले होते. ती म्हणाली, एवढे नाहीत. केतननं आत जाऊन कोणाला तरी विचारलं, थोडे कमी केले. मंजुळा उठली, दारापर्यंत गेली, आणि आली की मागून हाक! "मावशी, बसा ना." परत कमी झाले.

"पण मावशी, एक सांगतो," केतन म्हणाला. "पूर्ण भरलंत तर लोन क्लोज होईल. असं कमी करून भरलंत तर सेटल्ड दाखवतील. पूर्ण भरलेलं बरं."

"आये, पूर्णच भरूया ना," नेत्रा हळूच म्हणाली.

"तू गप बस गो!" मंजुळा तिच्यावर खेकसली. पुरे पैसे द्या म्हणजे चांगला माल देते, हे तर ती स्वतः रोज दहा जणींना ऐकवायची. "मना शिकवू नको रे पोरा. शेवटचं बोल."

पोरगा खांदे उडवून शेवटचं बोलला. नेत्रानं सही केली. शेजारच्या सोनाराकडे तीन पाटल्या मोडून कर्ज मिटलं आणि चौथी मंजुळानं परत येऊन, केतनसमोर, पुन्हा हातात चढवली. त्या दिवशी बाजारात तिचा हात खाली म्हणून येईना. "बँकेला पाणी पाजलं! ही पाटली पोरीच्या लग्नाला," असं ती एकेकीला धरून सांगत होती.

निधी मॅडमचा फोन आला तेव्हा मायलेकी भाकरी खात होत्या. नेत्रानं स्पीकर लावला.

"नेत्रा, मी क्लोज म्हटलं होतं. इथं सेटल्ड आलंय. म्हणजे बँकेनं पैसे सोडले, तुम्ही पूर्ण फेडले नाहीत. असं असलं की वरचे लोक घेत नाहीत."

मंजुळाला ते इंग्रजी शब्द कळत नव्हते, पण एवढं कळलं. घास तोंडात तसाच राहिला.

दुसऱ्या दिवशी ती एकटीच केतनकडे गेली आणि पाटली त्याच्या टेबलावर ठेवली. "घे रे बाबा. राहिलेले सगळे घे. जास्त घे." जन्मात पहिल्यांदा ती कोणाला जास्त घे म्हणत होती, आणि हे म्हणताना तिला रडू फुटलं. केतननं पाटली परत तिच्या हातात दिली. "पैसे भरता येतील मावशी, भरल्यावर क्लोजही होईल. पण कागद वर जाणार, मग रेकॉर्ड बदलणार. वेळ लागतो. त्या दिवशी सांगितलं होतं ना मी?"

सांगितलं होतं. हेच तर तिला खात होतं. पोरानं खरं सांगितलं आणि तिला तो भाव वाटला.

नेत्रानं निधी मॅडमना विचारून पाहिलं, थोडं थांबाल का. मॅडमना खरंच वाईट वाटलं. जागा मात्र भरली होती. नंतर आणखी दोन ठिकाणी नेत्रा गेली. तिथंही तेच बघितलं आणि तेच झालं. पाटली विकून राहिलेलं भरायच्या आधीच होडीचं जाळं फाटलं, आणि पाटली जाळ्यात गेली.

आता नेत्रा मालाडला आईच्या शेजारी बसते. आईला एवढं ओझं एकटीनं उचलवत नाही, असं ती कोणी विचारलं तर सांगते. मंजुळाला ते ऐकवत नाही. ती दुसरीकडे बघते.

परवा एक जुनं गिऱ्हाईक आलं. "काय मंजुळाबाई, पापलेट कसं?" मंजुळानं भाव सांगितला. बाईनं सवयीनं निम्म्यानं मागितलं आणि भांडायला पदर खोचला.

"घ्या," मंजुळा म्हणाली.

बाई चपापली. तिनं पापलेटाचा कल्ला उचलून बघितला, वास घेतला. "एवढ्यात देताय? शिळं आहे काय?" असं म्हणून ती पुढच्या पाटीकडे गेली.

मंजुळानं मागून हाक मारली नाही. नेत्रानं ते पापलेट उचललं, पाण्यात बुडवलं आणि पुन्हा नीट मांडून ठेवलं. मग ओले हात तिनं आपल्या ओढणीला पुसले.