चार पूर्णांक अठरा

दोन हजार सोळा साली मी डहाणूच्या एका संस्थेत होते. अशक्त पोरांना खाऊची पाकिटं वाटायची आणि दर आठवड्याला त्यांची वजनं घ्यायची, हे काम. बीएस्सी झालेली म्हणून हिशोब माझ्याकडे. पाकिटं परदेशातून आलेली. पाठीवर छापलं होतं, ऊर्जा २०९२. तलासरीच्या एका पाड्यावरच्या दीड वर्षाच्या पोरीला दिवसाला हजारेक कॅलरी लागतात, म्हणजे अर्ध्या पाकिटात दिवस भागला. मी तिच्या आईला ठणकावून सांगितलं, "रोज अर्धं. आणि वर पेज-बिज पाजू नका, पोट भरेल नि पाकीट उरेल."

दुसऱ्या आठवड्यात ती म्हणाली, "मॅडम, पोर पाकीट खाते नि लगेच भूक भूक करते."

"सवय होईल," मी म्हटलं. शहाणपण उतू चाललं होतं नुसतं. शिवाय पोरीचं वजन वाढत होतं, मग शंका कशाला घ्यायची?

तिसऱ्या आठवड्यात परतताना जीप भरेना, म्हणून नाक्यावर बसून उगाच पाकीट वाचत होते. आकड्यापुढे दोन बारीक इंग्रजी अक्षरं होती. केजे, म्हणजे किलोजूल. मी पुन्हा वाचलं. उभी राहिले, बसले, परत उभी राहिले. एका कॅलरीचे चार पूर्णांक अठरा जूल, हे मला कॉलेजात झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगता आलं असतं. म्हणजे अख्खं पाकीटच पाचशे कॅलरींचं, अर्ध्यात जेमतेम अडीचशे. पोरीला मी पाव पोटावर ठेवलं होतं. वर घरातली पेजही बंद केली होती.

पाड्याकडे परत जायला त्या दिवशी गाडी नव्हती. घरी आले, पण पाय एका जागी ठरेना. वजन वाढलं कसं, हे मात्र सुचलं नाही.

सकाळी पहिल्या जीपने गेले. माझा वार नव्हता, त्यामुळे ती बेसावध होती. ओट्यावर पोरीला मांडीवर घेऊन नाचणीची पेज पाजत होती. मला पाहताच तिने वाटी पदराखाली लपवली. थोडी पेज लुगड्यावर सांडली.

"चुकलं, मॅडम," ती म्हणाली. "पहिल्या दिवसापासून पाजते. पोर रडते, मला बघवत नाय. तुम्हाला खोटं सांगितलं. पाकीट बंद नका करू."

पोरगी वाटीसाठी पदर ओढत होती.

बोलायचं ते वाटेत दहादा घोकलं होतं. तोंड उघडलं तर निघालं भलतंच. "असू दे. पाजत जा. आणि उद्यापासून दिवसाला दोन पाकिटं द्या."

तिने हात जोडले. मी मान हलवली आणि तिला माफ केलं.