लग्नाच्या बायोडेटातला फोटो

ती मिसिंगची नोंद अजून माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. आठवीत शाळा सुटलेला मी, कोकणातून सोलापुरात पोलीस शिपाई म्हणून आलो आणि तेव्हा सहायक फौजदार झालो होतो. लिहिण्यात चूक होईल ही धास्ती कधी गेली नाही. म्हणून प्रत्येक नोंद मी दोनदा वाचून दाखवायचो.

नवरा आणि सासू आले होते. सून आदल्या दिवसापासून बेपत्ता. मानसिक आजारावरच्या तिच्या गोळ्या घरीच राहिलेल्या. तिचे डॉक्टर फोनवर म्हणाले, "गोळ्या अशा अचानक बंद झाल्या तर ती जिवाचं बरंवाईट करून घेईल. लवकर शोधा."

"वर्णन सांगा," मी म्हणालो.

"रंग गोरा, बांधा सडपातळ, केस कमरेपर्यंत," सासूबाईंनी घडाघडा सांगितलं. फोटोही दिला. मी तो सगळ्या ठाण्यांना पाठवला.

दुसऱ्या दिवशी सकाळी अक्कलकोटहून बंदोबस्तावरच्या शिपायाचा फोन आला. एक बाई कालपासून मठाच्या पायरीवर एकटीच बसून होती. "पर ही ती न्हाय, साहेब. लई जाड हाय, केस बी बारके. फोटो दाखवला, तर तीच म्हनली, ही मी न्हाय."

मी लिहिलं, वर्णन जुळत नाही.

आमच्या हवालदार बाईंनी ती ओळ वाचली. "साहेब, फोटो कधीचा, ते विचारलंत का?"

विचारलं नव्हतं. मायलेकांना परत बोलावलं. नवरा खाली बघत म्हणाला, "लग्नाच्या बायोडेटातला. पाच वर्षं झाली की."

"आताचा कुठंय?"

सासूबाईच म्हणाल्या, "गोळ्यांनी लई सुटली वो ती. केस उपटायची, म्हणून कापले. तसला फोटो चार लोकांत कसा द्यायचा?"

"मावशी," हवालदार बाई म्हणाल्या, "सून शोधायचीय का स्थळ?"

आम्ही तशीच जीप काढली. ती अजून त्याच पायरीवर होती. हवालदार बाई शेजारी बसल्या, पाणी दिलं. ती पाणी प्यायल्यावर त्यांनी विचारलं, "सकाळी फोटो बघून न्हाय का म्हणालीस, बाळ?"

"खोटं न्हाय बोलले मी," ती म्हणाली. "फोटूतली ती आता कुटं हाय?"

गोळ्या वेळेत सुरू झाल्या, जीव वाचला. पुढं ती स्वतःच्या मर्जीनं जेऊरला आईकडे गेली. हवालदार बाईंचे उपकार मी विसरणार नाही. त्यानंतर रंग-बांधा मी मागाहून लिहू लागलो. आधी विचारायचो, हरवलेली बाई आज कशी आहे, तिला काय होतंय, ती कुणाशी बोलते. पुष्कळ घरांत याला उत्तर नसायचं.

ती नोंदही मी दोनदा वाचून दाखवली होती. त्या नोंदीत ती बाईच नाही, हे नवरा, सासू आणि मी, आम्हा तिघांतल्या कुणाच्याही लक्षात आलं नव्हतं.