पहिलं मेडल कुणाच्या गळ्यात?

चार माणसं पहाटे एकत्र पळायला लागली की तब्येत किती सुधारते ते डॉक्टर सांगतील, पण किस्से मात्र भरमसाठ जमतात. पळताना दम लागतो, म्हणून अर्धी गोष्ट रस्त्यावर होते आणि उरलेली चहावर. आमचा चहावाला तर आता कप ठेवायच्या आधी विचारतो, "आज काय झालं?" काहीच झालं नाही म्हटलं तर त्याला ते खरं वाटत नाही.

आधी माणसं सांगतो. पठाणभाईंचं हिंगोलीत रेडिएटर दुरुस्तीचं दुकान आहे, आणि आवाज असा की गावातल्या निम्म्या कार्यक्रमांचा माइक त्यांच्याच हातात असतो. राठोड कृषी सहायक आहे, पुसेगावकडच्या तांड्यावरचा. खिल्लारे सिस्टर आखाडा बाळापूरला राहतात, तिकडेच उपकेंद्रात नर्स आहेत आणि फक्त रविवारी आमच्यात येतात. चौथा मी. माझं चष्म्याचं दुकान आहे, त्यामुळे आईबापांनी नाव ठेवलेलं असूनही सगळे मला चष्मेवालेच म्हणतात.

आमच्यातलं कुणी कधी नंबरात आलेलं नाही आणि येणारही नाही. आम्ही पळतो ते शेवटची रेघ ओलांडली की सगळ्यांना मिळतं त्या मेडलसाठी. लोक हसतात. सगळ्यांना मिळतं त्याला काय किंमत, असं विचारतात. किंमत कशी ठरते तेच सांगायला बसलोय.

* * *

सुरुवात पठाणभाईंच्या अब्बांपासून झाली. पठाणभाई नांदेडला दहा किलोमीटर पळून आले आणि मेडल गळ्यात घालूनच दुकानात शिरले. अब्बा गल्ल्यामागे बसलेले.

"कितवा आला?"

"लय मागं. पण पूर्ण केलं अब्बा, म्हणून दिलं."

अब्बांनी मेडल उलटंसुलटं करून पाहिलं. "पूरा केलं म्हणून देतेत? मी चाळीस साल रोज दुकान पूरा करून राहिलो, मला काहून न्हाई दिलं कोणी?"

हातात माइक नसला की पठाणभाईंना उत्तर सुचत नाही. त्यांनी गळ्यातलं मेडल काढलं आणि अब्बांच्या गळ्यात घातलं. अब्बा ते घालून संध्याकाळपर्यंत दुकानात बसले. ट्रॅक्टरवाले येऊन विचारायचे, "चाचा, तुमी पळलात?"

अब्बा म्हणायचे, "पळला पोरगा. दमलो मी."

त्या आठवड्यात चहावर आमचा रिवाज ठरला. पहिलं मेडल आपल्याजवळ ठेवायचं नाही. ज्याच्यामुळे आपण रेघेपर्यंत पोचलो त्याच्या गळ्यात घालायचं. दुसऱ्यापासूनची खुशाल घरात खिळ्याला लटकवा.

* * *

राठोडचं पहिलं मेडल आलं तेव्हा तो दोन दिवस विचार करत होता. मग म्हणाला, "खरं सांगू का, माझी स्पीड मोत्यामुळं वाढली."

मोत्या म्हणजे तांड्याच्या तोंडाशी राहणारं कुत्रं. राठोड पळायला निघाला की ते रोज पुलापर्यंत मागे लागायचं. तर राठोडने बिस्किटाचा पुडा देऊन मोत्याला शांत केलं आणि मेडल त्याच्या गळ्यात बांधलं. मोत्याची मालकीण एक म्हातारी. ती खूश झाली.

महिन्याभराने कुत्र्यांना लस टोचायला माणसं आली. म्हातारीने मोत्याला पुढेच येऊ दिलं नाही. "ह्याचं झालंय," ती म्हणाली. "गळ्यात बिल्ला दिसून न्हाई राहिला का?"

लसवाल्यांनी बिल्ला वाचला. त्यावर लिहिलं होतं, दहा किलोमीटर, यशस्वी. शेवटी राठोडला बोलावून घ्यावं लागलं आणि मोत्याला धरून ठेवायचं कामही त्यालाच मिळालं. मोत्या चावला नाही. उपकाराची जाण होती, असं राठोडचं म्हणणं आहे.

* * *

माझी पाळी आली तेव्हा माझ्या मनात शंका नव्हती. साखर वाढली म्हणून मी पळायला लागलो आणि तीन वर्षं बायको माझ्याआधी उठून चहा ठेवत आली. मी घरी आलो, तिच्यापुढे उभा राहिलो आणि मेडल तिच्या गळ्यात घालायला हात वर केले.

तिने हात धरला. "थांबा. तीन वर्षं पहाटे साडेचारला उठले, त्याचं हे?"

"रिवाज आहे आमचा."

"मग माझाही रिवाज ऐका. उद्यापासून चहा तुम्ही करायचा."

मेडल आता चहापत्तीच्या डब्याजवळच्या खिळ्याला आहे. गेली दोन वर्षं चहा मीच करतो, आणि पहाटेच्या अंधारात पातेल्यापुढे उभं राहिल्याशिवाय आपल्यासाठी कुणी काय केलं ते कळत नाही, हे मला त्या खिळ्याजवळच कळलं. चहा अजून तिच्यासारखा होत नाही. ती पिते बिचारी.

* * *

राहिल्या खिल्लारे सिस्टर. आमच्यात सगळ्यात दमदार त्याच, पण मेडल एकही नाही. कारण रस्त्यात कुणी बसलेलं दिसलं की त्या थांबतात. नांदेडला एका पोराच्या पोटरीत गोळा आला, सिस्टर त्याचा पाय चोळत बसल्या. परभणीला एक बाई चक्कर येऊन पडली, सिस्टर तिच्यासोबत ॲम्ब्युलन्समध्येच बसून गेल्या. तोवर इकडे वेळ संपलेली, मांडव सोडायला सुरुवात झालेली.

मी एकदा वैतागून म्हटलं, "सिस्टर, जरा पुढं बघून पळत जा."

त्या म्हणाल्या, "पुढंच बघते, चष्मेवाले. पडलेला माणूस पुढंच असतो ना."

वाईट याचं वाटायचं की आमच्यात फक्त सिस्टरचंच आधीपासून ठरलेलं होतं. पहिलं मेडल त्यांच्या सासूबाईंचं, म्हणजे आत्याबाईंचं. सिस्टरचं लग्न लवकर झालं, वर्षभरात मुलगी झाली. आत्याबाईंनीच त्यांना नर्सिंगला घातलं. नात कडेवर, दिवसभर लोकांच्या शेतात खुरपणं, आणि सुनेला शिकायला परगावी पाठवलं म्हणून गल्लीतली बोलणी, हे सगळं त्या बाईने एकटीने सोसलं. सिस्टर हे सांगतात तेव्हा पळता पळता चालायला लागतात, आणि आम्हीही चालतो.

* * *

गेल्या वर्षी आत्याबाई माझ्या दुकानात आल्या. सोबत सिस्टर. एका डोळ्याने आधीच काम सोडलेलं, दुसऱ्याचं डॉक्टरांनी फार खरं नाही म्हणून सांगितलेलं. मी नंबर बदलून बदलून भिंगं लावत होतो.

"आत्याबाई, खालची ओळ दिसते का?"

"न्हाई."

"वरची?"

"लेकरा, मला ओळी कशाला पायजेत? सून मेडल आणणार हाय. ते दिसंल असा चष्मा दे." मग सिस्टरकडे मान वळवून म्हणाल्या, "अन् तू जरा बिगीनं आण. डोळ्याला तरी किती दिवस थांबवू?"

मी चष्मा करून दिला. तो फार उपयोगाचा नव्हता आणि ते आम्हा तिघांनाही माहीत होतं. सिस्टर आत्याबाईंचा हात धरून दुकानाची पायरी उतरल्या.

त्या रविवारी पठाणभाईंनीच विषय काढला. "आपणच एक रेस ठेवू. सिद्धेश्वर धरणाजवळ. टाइमची हद्दच ठेवायची न्हाई. सिस्टरला कितीबी वेळ लागू दे, मेडल मिळालं पायजे."

* * *

रेस ठरली. नावं आली, तितकीच मेडलं बनवून घेतली. सकाळी धरणाजवळ मांडव, स्टेज, माइक आणि माइकमागे पठाणभाई. रेस सुटायच्या आधी पाहुण्यांचा सत्कार. सत्काराशिवाय आपल्याकडे नळाची तोटीसुद्धा सुरू होत नाही. आणि ऐनवेळी कळलं की शाली राठोडच्या घरी पलंगावर राहिल्या.

माइक हातात असला की पठाणभाईंना मात्र सगळं सुचतं. त्यांनी टेबलाखालचा मेडलांचा खोका ओढला आणि घोषणा केली, "आपल्या सरपंचसाहेबांचा सत्कार आपण मेडल देऊन करत आहोत!"

टाळ्या पडल्या. मग उपसरपंच. मग मुख्याध्यापक. मग मांडववाला, मच्छीमार सोसायटीचे दोन जण, धरणावरचे साहेब, साहेबांसोबत आलेले त्यांचे मेहुणे. मी आणि राठोड सुटायच्या रेघेवर, लांबून हात हलवतोय. पठाणभाईंना वाटलं आम्ही दाद देतोय.

शेवटी त्यांचं लक्ष स्टेजसमोर खुर्चीत बसलेल्या आत्याबाईंकडे गेलं. सिस्टरनी त्यांना पहाटेच जीपने आणून बसवलं होतं. पठाणभाई खाली उतरले आणि त्यांच्या गळ्यात मेडल घालू लागले. आत्याबाईंनी मान मागे घेतली.

"माझं सून आणणार हाय."

"राहू द्या मावशी, हेबी ठेवा," म्हणत पठाणभाईंनी ते त्यांच्या हातात दिलं आणि माइककडे वळले. आत्याबाईंनी मेडल डोळ्याजवळ नेलं, तळहातावर तोललं.

"हलकंच हाय की हे," त्या म्हणाल्या.

* * *

सिस्टर एकवीस किलोमीटरला निघाल्या. मी आणि राठोड दहा पळून परत आलो, तेव्हा पठाणभाई रिकाम्या होत चाललेल्या खोक्याशेजारी घाम पुसत उभे होते. लोक येत होते, मेडलं संपत होती, आणि आठ-दहा पाहुण्यांच्या गळ्यात होती.

मग आमची दुसरी रेस सुरू झाली. सरपंचांनी हसत काढून दिलं. सोसायटीवाल्यांनी दिलं. मांडववाला चढला होता बांबूवर, त्याने वरूनच टाकलं. मुख्याध्यापक मात्र म्हणाले, "सत्कारात मिळालेली वस्तू परत देणं मला बरं दिसत नाही." साहेबांचे मेहुणे मेडलासकट हिंगोलीला निघून गेले होते. जमवाजमव करून येणाऱ्या प्रत्येकाला दिलं. आमच्या दोघांची आम्ही घेतलीच नाहीत. तरी शेवटी खोका रिकामा झाला आणि रस्त्यावर अजून दोन जण होते. औंढ्याचा एक मिठाईवाला, सुरेश म्हणून, पहिल्यांदाच पळणारा, आणि आमच्या सिस्टर.

पठाणभाई खुर्चीत बसले. माइक बंद होता. "जिच्यासाठी रेस ठेवली तिचंच मेडल वाटून टाकलं मी," ते म्हणाले. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला.

ऊन चढलं तेव्हा बांधावर दोघं दिसले. सुरेशचा एक हात सिस्टरच्या खांद्यावर, एक पाय ओढत येतोय. शेवटच्या वळणापाशी त्याच्या पोटरीत गोळा आला होता आणि सिस्टर अर्थातच थांबल्या होत्या. दोघांनी रेघ ओलांडली. आम्ही टाळ्या वाजवल्या. मग कुणालाच वर बघवेना.

मी सिस्टरना खरं ते सांगितलं. त्यांनी कपाळावरचा घाम पुसला. मग म्हणाल्या, "असू द्या."

आत्याबाई खुर्चीत चाचपडत होत्या. त्यांनी पदराची गाठ सोडली आणि सकाळचं, आम्ही सगळे विसरून गेलेलं मेडल बाहेर काढलं.

"एक हाय माझ्यापाशी. गळ्यात घातलं न्हाई म्या. घे सुनबाई."

सिस्टर त्यांच्यापुढे खाली बसल्या. मेडलाकडे बघितलं, मग सुरेशकडे. तो जमिनीवर बसून पोटरी दाबत होता. "आत्याबाई," त्या म्हणाल्या, "हा लय तकलीफ सोसून आलाय. ह्याला द्या."

आत्याबाईंनी सुनेच्या आवाजाकडे तोंड करून मान हलवली. मग सुरेशला जवळ बोलावलं आणि त्याच्या गळ्यात मेडल घातलं.

"पहिलंच का तुझं?"

"व्हय, आजी."

"मग ह्या लोकांचा एक रिवाज हाय. पहिलं आपल्यापाशी ठेवायचं न्हाई. कोणामुळं आलास इथवर?"

सुरेशला दोन वेळा सांगायची गरज पडली नाही. त्याने मेडल काढलं आणि सिस्टरच्या गळ्यात घातलं. पठाणभाई खुर्चीतून उठून उभे राहिले.

सिस्टरचंही ते पहिलंच होतं. त्यांनी ते गळ्यात जेमतेम श्वासभर ठेवलं, मग दोन्ही हातांनी काढून आत्याबाईंच्या गळ्यात घातलं आणि फीत नीट केली.

आत्याबाईंनी चष्मा काढून मांडीवर ठेवला. मेडल तळहातावर घेतलं, सकाळसारखंच तोललं.

"आता जड लागून राहिलं गं," त्या म्हणाल्या.