विभक्त की संयुक्त

समाजशास्त्र मी निवडलं, असं म्हटलं तर ते खरं होणार नाही. नाशिकच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला गेले तेव्हा भूगोलाच्या जागा भरल्या होत्या. खिडकीतले क्लार्क म्हणाले, "समाजशास्त्र टाकू का?" मी मान हलवली. वडील नामपूरच्या कांदा मार्केटात एका व्यापाऱ्याकडे कामाला आहेत. त्यांना फोनवर सांगितलं, तर त्यांनी विचारलं, "म्हणजे समाजसेवा शे का?" मलाही नीट सांगता आलं नाही.

पहिलं वर्ष व्याख्या पाठ करण्यात गेलं. कुटुंब, विवाह, शेजार. जे सगळ्यांना माहीत आहे ते पुन्हा शिकायचं कशाला, हे काही कळेना. दुसऱ्या वर्षी नव्या मॅडम आल्या. हजेरी झाली की त्या पुस्तक बाजूला ठेवायच्या आणि विचारायच्या, "आज तुमच्या घरी पहिला चहा कोणी केला? का त्यांनीच?" त्यावरून अख्खा तास वाद चालायचा. मला मजा यायला लागली. पण बोलायची मी क्वचितच. सुरुवातीला एकदा वर्गात 'मला'च्या ऐवजी तोंडून 'माले' निघून गेलं होतं आणि मागचे बेंच हसले होते. तेव्हापासून प्रत्येक वाक्य आधी मनात तपासून घ्यायची सवय लागली. आईशी अहिराणीत बोलायचं असलं की हॉस्टेलच्या गच्चीवर जायचे.

तिसऱ्या वर्षी आम्हा चौघींना प्रकल्प मिळाला. अंबडच्या कारखान्यांजवळ गावाकडून आलेल्या कामगारांची वस्ती आहे, तिथल्या कुटुंबांची पाहणी करायची होती. प्रश्न छापून नेले होते. दिंडोरीची मैत्रीण धीट, ती विचारायची. मी कागदावरच्या चौकटींत खुणा करायचे.

एका दारात चाळिशीच्या बाई मेथी निवडत बसल्या होत्या. मैत्रिणीने विचारलं, "काकू, तुमचं कुटुंब विभक्त की संयुक्त?"

"म्हणजे काय?"

"म्हणजे तुम्ही एकत्र राहता की वेगळे?"

"एकत्र."

"इथे कोण कोण राहतं?"

"आम्ही दोघं, दोन पोरं. आणि जेठांचा मुलगा, शिकायला आहे."

"सासू-सासरे, दीर?"

"ते गावाला."

"मग विभक्तच झालं ना."

बाईंच्या हातातली जुडी तशीच राहिली. "विभक्त कशाला? आम्ही काय भांडून वेगळे निघालो का? कोणी सांगितलं तुम्हाला?" आणि मेथीची परात उचलून त्या आत निघाल्या.

मला एकदम आमचं गाव आठवलं. तिथे 'वेगळे झाले' म्हटलं की माणसं आवाज खाली करतात. त्या शब्दाने काय लागलं असेल ते मला कळलं, आणि काही तपासायच्या आत तोंडून गेलं, "तसं नही शे, मावशी."

त्या उंबऱ्यात थांबल्या. "तू कोन गावनी शे?"

"नामपूरनी."

"मंग आतेलोंग काबर बोलनी नही? बठ."

आतापर्यंत का बोलले नाही म्हणून बोलणी खाऊन मी बसले, मागोमाग त्या तिघीही. त्यांनी सांगितलं, बाजरी गावाहून येते. कांदा लावायला त्या दरवर्षी गावी जातात, तेव्हा जाऊ इथे येऊन पोरांचं बघते. सणाला काय करायचं, ते सासूबाई अजून व्हिडिओ कॉलवर ठरवतात. मैत्रिणींना अर्धंच समजत होतं, मी मधूनमधून सांगत होते. थोड्या वेळाने दिंडोरीची म्हणाली, "अगं, आता तूच विचार." चहा झाला, शेजारच्या दोघी-तिघी आल्या. बहुतेकींच्या घरी थोड्याफार फरकाने तसंच होतं.

परतल्यावर मी घाबरत मॅडमना म्हणाले, "दोन्ही चौकटी रिकाम्या राहिल्यात. खूण कुठे करू?"

त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "उद्या हे वर्गाला सांग. त्यांचं बोलणं त्यांच्याच भाषेत सांग."

दुसऱ्या दिवशी फळ्यापाशी उभी राहिले. पहिल्या अहिराणी वाक्याला मागून कोणीतरी हसलं. मी थांबले नाही. माझं संपलं तसा निफाडचा एक मुलगा उठला. "आमचंही असंच आहे. काका पुण्यात आणि भांडणं मात्र एकाच घरातली." सगळे हसले आणि मग जो तो आपल्या घरातलं सांगायला लागला. अशा कुटुंबाला नाव काय द्यायचं यावर जोरात वाद झाला. मॅडम शेवटच्या बेंचवर बसून ऐकत होत्या. नाव काही ठरलं नाही.

त्या रात्री मी वडिलांना फोन करून सगळं सांगितलं. ते हसले, "हाई ते आपलंच शे!" मग मी म्हणाले, मला याच विषयात एम. ए. करायचंय. "कर," ते म्हणाले, "पन काय शिकाडतस ते माले सांगत जाय."

आता मी एम. ए.च्या पहिल्या वर्षाला आहे. येत्या रविवारी दिंडोरीकडच्या द्राक्षबागांत कामाला आलेल्या बायकांना भेटायला जाणार आहोत. त्या पेठ-सुरगाण्याच्या डोंगरातल्या आहेत आणि त्यांची बोली मला येत नाही. आमच्या वर्गात पेठची एक मुलगी आहे, खिडकीशी बसते, फारशी बोलत नाही. काल तिला म्हटलं, "चल ना आमच्याबरोबर, तुझ्याशिवाय जमायचं नाही." तिने जरा विचार केला आणि विचारलं, "किती वाजता निघायचं?"