एका कागदावर दोन भाऊ

कणकवलीहून निघालेली एस.टी. सकाळी कुर्ल्याला पोहोचली. माझ्या गळ्यात जावयाचा जुना कॅमेरा होता. आक्का, आमची थोरली बहीण, अंथरुणाला खिळली होती. दत्तू आणि वामन या धाकट्या भावांना एका फोटोत पाहायचे, एवढेच तिने मागितले होते. दोघांचे बोलणे बंद होते, हे मला ठाऊक होते. प्रकरण कोठवर गेले आहे, ते ठाऊक नव्हते.

कॅमेरा तळहातात मावणारा, पण वजनदार. भिंगाभोवतीची खवल्यांची काच उजेड मोजते. सेल लागत नाही. उजेड कमी पडला की पाहण्याच्या खिडकीत लाल पट्टी वर येते आणि खटका दाबलाच जात नाही. नेहमीच्या एका फोटोच्या जागेत याचे दोन उभे फोटो बसतात.

घाटकोपरला दत्तूची खोली टेकडीच्या चढावर आहे. त्याच्या बायकोने भाकरी आणि सुकट (वाळवलेला जवळा) वाढली. हात धुताच मी विषय काढला.

"वामनाच्या बाजूला?" दत्तू हसला. "दादा, माझा एकट्याचा काढ. त्याच्या बाजूला ठेवायचाच असेल, तर मेल्यावर ठेव."

खोलीत लाल पट्टी वर आली. त्याला दाराबाहेर उन्हात उभे केले आणि खटका दाबला.

वाटेत दुसरा फोटो न काढता बसने मुलुंडला गेलो. वामनाकडे नवा रंगीत टीव्ही होता. त्याच्या वर आई-वडिलांसोबतचा आम्हा भावंडांचा जुना फोटो टांगलेला. त्यात दत्तूच्या जागी कात्रीने कापलेले भोक होते. आईचा हात ज्या खांद्यावर होता, तो खांदाच नव्हता. मी खाली बसलो.

"हे कुणी केलं?"

"मीच. रोज सकाळी त्याचं थोबाड कोण बघणार? चहा घे ना दादा, थंड होतोय."

चहा मी घेतला नाही. येथेही लाल पट्टी आली. वामनालाही गॅलरीतल्या उन्हात आणून एकट्यालाच टिपले. संध्याकाळी रोल जवळच्या फोटो स्टुडिओत धुवायला दिला.

दुसऱ्या दिवशी स्टुडिओवाला ओशाळून म्हणाला, "काका, तुमच्या कॅमेऱ्याचे फोटो अर्ध्या आकाराचे, ते माझ्या ध्यानातच आलं नाही. दोघं एकाच कागदावर छापले गेले. थांबा, कापून देतो."

कागदावर दत्तू आणि वामन शेजारी उभे होते. मध्ये काळी रेघ. उन्हामुळे दोघांनीही डोळे बारीक केले होते, अगदी वडिलांसारखे.

त्याने कात्री उचलली.

"कात्री खाली ठेवा!" मी ओरडलो. दुकानातली माणसे वळून पाहू लागली.

"अहो, पण मध्ये रेघ आलीय."

"राहू दे."

परतल्यावर फोटो आक्काच्या हाती दिला. तिने तो डोळ्यांजवळ नेला.

"खय काढलंस (कुठे काढलास)?"

"मुंबईत."

ते खोटे नव्हते. थोरला असून मला जे जमले नाही, ते छापणाऱ्याच्या चुकीने झाले होते. आक्काने त्या काळ्या रेघेवर अंगठा ठेवला आणि बराच वेळ तो उचलला नाही.