स्टँडवरची स्वच्छ फरशी

सोमवारी माझं उलथनं सापडेना. कपाट धुंडाळलं, मोरी पाहिली, भांड्यांची टोपली उपडी केली. लेकीला विचारलं. शेजारीण परवा मागून नेते म्हणाली होती, म्हणून मनातल्या मनात तिच्यावर आळही घेतला; देवा, चूक पदरात घे. बुधवारी ते ह्यांच्या पिशवीत निघालं. फडक्यात गुंडाळलेलं, धारेला गुलाबी चिकटा. शेजारी आमचा थर्मास, आणि थर्मासात चहा नाही, बर्फ.

ह्यांना विचारलं, तर म्हणाले, जरा काम होतं. लग्नाला एकतीस वर्षं झाली. ह्यांचं ‘जरा काम’ म्हणजे कुठेतरी पाणी मुरतंय एवढं मला कळतं. पण खोदून विचारलं की हे आणखी मिटतात, म्हणून मी उलथनं घासून जागेवर ठेवलं आणि दुसऱ्या दिवशी दुपारी मागोमाग गेले.

ह्यांचा धंदा च्युइंगमचा. दुकान नाही, मशिनं. लोखंडी पायावर काचेचा गोल, आत रंगीत गोळ्या. नाणं घालून मूठ फिरवली की झडपेत टपकन एक गोळी येते. लग्नाआधी हे पिठाच्या गिरणीत होते. छातीत पीठ बसलं, खोकला जाईना, तेव्हा गिरणी सोडून एका थकलेल्या म्हाताऱ्याची बारा मशिनं घेतली. माझे वडील म्हणाले होते, “बरं आहे, विकायचं काम मशीन करणार आणि जावई बसून खाणार.” बसून कुठलं! बारा ठिकाणी पायी फिरायचं. उकाड्यात गोळ्यांना घाम सुटतो, त्यांचा गठ्ठा होतो, तो हलवून मोकळा करायचा. काचेवर पोरांच्या नाकांचे ठसे उठतात, ते पुसायचे. लाल गोळ्या आधी संपतात, म्हणून भरताना लाल काचेलगत लावायच्या. प्रत्येक मशीनवर ह्यांनी आमच्या घराचा पत्ता चिकटवला होता, नाणं अडकलं तर या म्हणून. पोरं खरंच यायची. एका नाण्याला हे दोन गोळ्या द्यायचे, आणि वर माझ्याकडून पाणीही.

मग शाळांनी गोड बंद केलं, दुकानदारांना दारातली जागा हवीशी झाली, पोरांच्या हातात नाणीच राहिली नाहीत. बाराची सात झाली, साताची तीन. आता एकच, बसस्टँडच्या थांबायच्या खोलीत, चौकशीच्या खिडकीशेजारी. लेक म्हणते, बाबा, पुरे आता. हे म्हणतात, “अगं, पण सकाळी उठून मी जाऊ कुठे?”

तर त्या दुपारी स्टँडवर पाहिलं. दोनच्या गाड्या सुटून गेलेल्या, खोली रिकामी, आणि हे गुडघ्यांवर. फरशीवरच्या चिकट डागावर बर्फ धरायचा, च्युइंगम टणक झालं की उलथन्याने एका झटक्यात उडवायचं. बाजूला झाडूवाली मावशी बाकावर पाय पसरून बसली होती. मला पाहून म्हणाली, “या वहिनी. दादांनी माझी नोकरी घेतली बघा. पगार मात्र मीच घेते.”

तिच्याकडूनच कळलं. स्टँडचे नवे साहेब, आमच्या लेकीच्या वयाचे, म्हणाले होते की फरशीची लाज वाटते. एक महिना बघतो, डाग दिसले तर मशीन उचला. तक्रार मावशीचीच होती, तेही तिने लपवलं नाही. “माझे गुडघे गेले वहिनी. पण दादांचे जावेत असं नव्हतं मनात.”

मी पदर खोचला आणि खाली बसले. हे एवढंच म्हणाले, “तू कशाला?” पण थर्मास माझ्याकडे सरकवला. त्या दिवसापासून मी बर्फ धरायची, हे खरवडायचे. सगळेच डाग काही आमच्या गोळ्यांचे नव्हते. दुकानातलं पाकिटातलं च्युइंगम पांढरं असतं, आमचं रंगीत. हे दोन्ही काढायचे. मी म्हटलं, पांढरं आपलं नाही. तर म्हणाले, “साहेबांना काय रंग कळतोय?”

रोज सकाळी जपाच्या शेवटी मी एकच मागायची, देवा, फरशी स्वच्छ राहू दे. लोकांचं भलं मागायचं सोडून फरशी! पण मागितली, मनापासून मागितली.

महिना भरला. साहेबांनी ह्यांना बोलावलं, मीही गेले. साहेब खुशीत होते. वरचे अधिकारी पाहणीला येऊन गेले, फरशी पाहून फार खूश झाले म्हणाले. मी देवाचं नाव घेतलं. मग साहेबांनी कागद पुढे केला. अधिकाऱ्यांनी लिहिलं होतं की महिनाभरात खोलीत च्युइंगमचा एकही डाग नाही, म्हणजे मशीन कोणी वापरत नाही. ते काढून तिथे फोन चार्ज करायचं यंत्र बसवावं. साहेब म्हणाले, “काका, माझ्या हातात असतं तर ठेवलं असतं. पण आता सही झाली.”

मी हळूच म्हटलं, “अहो, सांगा ना त्यांना.”

“काय सांगू?” माझ्याकडे न बघता हे म्हणाले. “घाण होते म्हणून सांगू, की होत नाही म्हणून?”

साहेबांना काही कळलं नाही. मला कळलं, आणि कळून काही उपयोग नव्हता.

मशीन न्यायला शनिवारी लेक रिक्षा घेऊन आली. बापलेकीने ते उचललं. पायाखालच्या फरशीवर, जिथे आमचं उलथनं कधी पोचलंच नव्हतं, जुन्या गोळ्यांचे सात-आठ ठिपके निघाले, दगडासारखे घट्ट. मावशी घाईने म्हणाली, “राहू द्या दादा, ते मी काढते.” ह्यांनी ऐकलं नाही. मशीन लेकीच्या अंगाला टेकवून पिशवी उघडली. बर्फ आणलाच नव्हता. तो कशाला आणतील? तरी खाली बसले आणि कोरडंच खरवडू लागले. लेक म्हणाली, “बाबा, रिक्षावाला थांबलाय.” एक ठिपका निघाला. दुसऱ्याला उलथन्याची धार वाकली. मी शेजारी बसले, पण धरायला हातात काहीच नव्हतं.