दोन पाट

नवरात्राच्या दुसऱ्या माळेला सकाळी ताईच्या शेजारीणबाईंचा फोन आला. "अहो, कुसुमताई दार उघडत नाहीयेत. आणि गोट्या भुंकतही नाहीये..." गोट्या म्हणजे ताईचा कुत्रा. जिन्यात कुणाचं पाऊल वाजलं तरी इमारत डोक्यावर घेणारा. तो गप्प आहे म्हटल्यावर मला कळायचं ते कळलं. खराडीहून सहकारनगरला पोचेपर्यंत लोकांनी दार तोडलं होतं. ताई झोपेतच गेली होती आणि गोट्या तिच्या पायाशी बसून होता.

माझी ही थोरली बहीण जन्मभर प्राथमिक शाळेत गणित शिकवत होती. लग्न केलं नाही. निवृत्तीनंतर तिनं रस्त्यावरचं एक पिल्लू घरी आणलं आणि त्या वर्षापासून लक्ष्मीपूजनाला आमच्याकडे येणं बंद केलं, कारण फटाक्यांनी गोट्या थरथर कापायचा. मी आग्रह केला की म्हणायची, "तुझ्याकडे माणसं आहेत. त्याला मी एकटीच आहे." पुढे माझी बायको गेली आणि माझ्याकडेही माणसं उरली नाहीत. ते मी ताईला कधी बोलून दाखवलं नाही. नुसता रुसून बसलो.

गेल्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी मात्र न कळवता तिच्या दारात उभा राहिलो. तिनं दार उघडलं आणि तशीच लगबगीनं आत वळली. बाथरूमला खिडकी नाही, म्हणून तिथे सतरंजी अंथरलेली. ताई पाटावर, गोट्याचं डोकं तिच्या मांडीवर, आणि बाई एका सुरात एकोणतीसचा पाढा म्हणताहेत!

"अगं, त्याला जरा समजाव तरी."

"समजावलं की त्याला वाटतं, खरंच काहीतरी झालंय. पाढे काही झालेलं नसतानाच म्हणतात. बस."

"दिवाळीत बाथरूममध्ये बसायला मला वेड नाही लागलेलं."

"हे तुझं तूच ठरवलंस का?" ती म्हणाली.

मी चकल्यांचा डबा ओट्यावर ठेवला आणि निघालो. भाऊबीजेलाही गेलो नाही... ती आमची शेवटची दिवाळी.

ताई गेल्यावर गोट्या ते घर सोडून यायला तयार होईना, म्हणून मीच तिथे राहायला गेलो. यंदा लक्ष्मीपूजनाच्या सकाळी कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेला एक कागद दिसला. ताईचं फळ्यावरचं वळणदार अक्षर. 'गोट्याला उजेडातच फिरवून आणणे. गळ्यात नाव-फोनची पट्टी. जेवण लवकर. खिडक्यांना गोधड्या. दडून बसला तर ओढून काढू नये. पाट दोन (बाळू आला तर).' बाळू म्हणजे मी. कागद पिवळा पडला होता, कडा झिजल्या होत्या. किती दिवाळ्या तिनं तो दुसरा पाट मांडला असेल, मला माहीत नाही. गेल्या वर्षी तर तो माझ्यासमोर होता, आणि मला वाटलं, बादली ठेवायला असेल.

दिवस मावळायच्या आत सगळं यादीप्रमाणे केलं. बाथरूममध्ये दोन्ही पाट मांडले आणि एकावर बसलो. पहिला सुतळीबॉम्ब वाजला तसा गोट्या धावत येऊन माझ्या मांडीखाली शिरला. मी सुरुवात केली. एकोणतीस एके एकोणतीस, एकोणतीस दुणे अठ्ठावन्न... एकोणतीस साते. चौथीत अडायचो तिथेच अडलो. तेव्हा ताई खडू आपटून पुढचं सांगायची. गोट्यानं मान वर करून रिकाम्या पाटाकडे पाहिलं. मीही पाहिलं.

मग पुन्हा पहिल्यापासून म्हणायला लागलो.